छडी आणि शाबासकी

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या अगदी आरंभी, एक लहानशी कथा आहे. परीक्षितपुत्र जनमेजय कुरुक्षेत्रावर एक दीर्घ सत्र करीत होता. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे त्याचे तिघे बंधू त्याच्याबरोबर होते. सत्र चालू असता तेथे एक कुत्र्याचे पिल्लू आले. देवांची कुत्री म्हणून प्रसिद्ध असलेल्या सरमेचे ते पिल्लू. राजबंधूंनी त्याला मारून पिटाळून लावले. ते रडत रडत आईकडे गेले. आई मोठी न्यायी. तुझ्याकडूनच काही आगळीक घडली असेल, असे ती प्रथम त्यालाच म्हणाली. पिल्लाने सांगितले, की हविर्द्रव्याला आपण तोंड लावले नाही, त्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. तेव्हा सरमा सत्राच्या ठिकाणी गेली आणि आपल्या मुलाला का मारले, असा जाब तिने विचारला. कोणी उत्तर दिले नाही. मग तिने शाप दिला. राज्य जाईल, धन जाईल, असा तो शाप नव्हता. निरपराध्याला मारणाऱ्यांच्या वाट्याला न दिसणारे भय येईल, एवढेच ती म्हणाली.

सूताने शौनकादी ऋषींना महाभारत ऐकविले ते नैमिषारण्यात. हे नैमिषारण्य म्हणजे आजच्या सीतापूर जिल्ह्यातील नीमसार. लखनौहून ते सुमारे ९० किलोमीटरांवर आहे, आणि तिकडे नेणारा सीतापूरचा रस्ता गोमती ओलांडल्यावर अलीगंज या वस्तीच्या कडेने पुढे जातो. अलीगंज हे नाव लखनौकरांना मुख्यतः तेथील हनुमान मंदिरांमुळे प्रिय आहे. केंद्र सरकारच्या अनेक कचेऱ्या ज्यात आहेत ते केंद्रीय भवनही याच वस्तीत आहे. त्यामुळे बदलीच्या नोकरीतली, नाना प्रांतांतली माणसे येथे बिऱ्हाडे करून राहतात. त्यांत मराठी माणसेही असतात. लखनौ त्यांना अगदीच परके नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली या शहरात संगीत महाविद्यालय निघाले, त्या आधीपासून मराठी माणसाला गोमतीचे पाणी ठाऊक आहे.

अलीगंजातील अशाच एका मराठी बिऱ्हाडाची कल्पना करावी. घरात आजोबा आहेत, आजी आहे, नोकरी करणारे आईवडील आहेत आणि दहा वर्षांची एक मुलगी आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंना मुलगी ‘चाची’ म्हणते. मुलीने वर्षभर हट्ट धरला आणि अखेर एके दिवशी दोन महिन्यांचे एक पिल्लू घरात आले. त्याचे नाव मोत्या. पहिल्याच दुपारी मोत्याने बैठकीच्या खोलीतील सतरंजी ओली केली. आजोबांच्या ते ध्यानात आले तेव्हा पाच-सात मिनिटे होऊन गेली होती आणि पिल्लू खिडकीतून येणाऱ्या उन्हाशी खेळत होते. आजोबांनी जुन्या रिवाजाप्रमाणे त्याला मानेला धरून आणले, त्याचे नाक ओल्या सतरंजीवर घासले आणि वर्तमानपत्राची सुरळी करून दोन रट्टे दिले.

“आजोबा, मारू नका ना हो त्याला,” मुलगी म्हणाली.

“अगं, मारल्यावाचून कळायचं कसं त्याला?” आजोबांनी विचारले.

आजोबा निर्दय नव्हते. ज्या शाळेत ते शिकले त्या शाळेत शिक्षणाची हीच रीत होती. त्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो हजारो घरांतून विचारला जातो. पिल्लाला कळते ते कसे? त्याचे उत्तर आधी त्या घरातच मिळाले. दोन दिवसांत मोत्याने सतरंजी सोडली. तो शिकला, असे सर्वांना वाटले. आठवड्याने आजींना पलंगाखालून वास येऊ लागला. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की आजोबा त्याला साखळी लावून बाहेर नेत तेव्हा तो अर्धा तास नुसता उभा राही आणि घरात परतताच पलंगाखाली पळे. लबाडी म्हणून त्याला आणखी मार बसला. वस्तुतः त्यात लबाडी मुळीच नव्हती. दिलेला धडा तो अक्षरशः पाळत होता. ‘हे काम घरात करू नये’ असे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. ‘आजोबांच्या देखत हे काम केले, की मार बसतो’ एवढेच तो शिकला होता. म्हणून बाहेर, आजोबांच्या हातात साखळी असताना, तो जिवाच्या कराराने धीर धरी.

प्राणी कसे शिकतात, या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सव्वाशे वर्षांचा जुना आहे. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजराला पिंजऱ्यासारख्या पेटीत कोंडावे, पेटीबाहेर खाद्य ठेवावे आणि दार उघडण्यासाठी आत एक दोरी किंवा कळ ठेवावी. मांजर प्रथम ओरबाडते, चावते, अंग घासते. केव्हा तरी योगायोगाने कळ दाबली जाते आणि दार उघडते. पुढच्या खेपेस निरुपयोगी धडपड थोडी कमी होते. होता होता मांजर पेटीत ठेवल्याबरोबर कळच दाबते. ज्या कृतीचा परिणाम सुखकर, ती कृती रुजते, असा नियम थॉर्नडाइक यांनी त्यावरून काढला. परिणाम दुःखद असला, की कृती तेवढ्याच प्रमाणात पुसली जाते, असेही त्यांचे पहिले मत होते. परंतु १९३० नंतरच्या काळात त्यांनी आपल्या नियमाचा हा दुसरा भाग स्वतःच मागे घेतला. बक्षीस जितके शिकविते तितके शासन शिकवीत नाही, असे त्यांना दिसून आले होते.

पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विचाराला नेमके रूप दिले. एखाद्या कृतीपाठोपाठ असे काही मिळाले, की ज्यायोगे ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, तर त्या मिळण्याला मानसशास्त्रात ‘प्रबलन’ म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर शाबासकी. १९५१ साली स्किनर यांनी सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहून, घरच्या कुत्र्याला ‘कट्’ असा आवाज करणारे एखादे खेळणे आणि खाऊचे तुकडे यांच्या साहाय्याने कसे शिकवावे, हे समजावून दिले. आवाजाचे प्रयोजन काय? खाऊ देण्यासाठी हात खिशात जाऊन पिल्लाच्या तोंडापर्यंत पोहोचेतो दोन-चार क्षण जातात. तेवढ्यात पिल्लू बसलेले उठते, उठलेले उडी मारते, आणि बक्षीस पडते ते उडीच्या पदरात. आवाजापाठोपाठ खाऊ येतो हे पिल्लाला एकदा पक्के ठाऊक झाले, की योग्य क्षणी केलेला आवाज हाच त्याला ‘हे बरोबर केलेस’ असा निरोप देतो. इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला ज्या नियमाने नुसत्या खुणेच्या आवाजानेच पाणी सुटे, त्याच नियमाचा हा घरगुती उपयोग होय.

या पद्धतीची सर्वात मोठी परीक्षा कुत्र्यांवर नव्हे, डॉल्फिनवर झाली. १९६० नंतरच्या दशकात कॅरेन प्रायर या बाई हवाई बेटांवर डॉल्फिनांना शिकवीत असत. पाण्यातल्या डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, की त्याला रट्टा मारता येत नाही. तो रुसला तर सरळ तळाशी निघून जातो. तेथे शिक्षकापाशी दोनच साधने उरतात: एक शिटी आणि मासळीने भरलेली बादली. तेवढ्यावर डॉल्फिन उंच उड्या शिकले. तोच अनुभव घेऊन प्रायर बाईंनी १९८४ साली पुस्तक लिहिले आणि शिटीच्या व कट्-कट् करणाऱ्या डबीच्या साहाय्याने शिकविण्याची रीत देशोदेशींच्या घराघरांत गेली. ज्याला मारणे शक्यच नाही असे जनावर जर शिकते, तर मारणे हे शिक्षणाचे आवश्यक अंग आहे, हा समज आपोआपच निकालात निघतो.

आता अलीगंजातील त्या घरी परत यावे. मुलीच्या वडिलांनी पशुवैद्यांचा सल्ला घेतला आणि घराचा क्रम बदलला. पहिली गोष्ट, पिल्लाच्या शरीराची मर्यादा सर्वांनी समजून घेतली. पिल्लाचे वय जितके महिने, दिवसा साधारण तितकेच तास ते लघवी धरू शकते. फार तर एखादा तास अधिक. दोन महिन्यांच्या मोत्याकडून पाच तासांचा संयम मागणे हा त्याचा नव्हे, मागणाऱ्याचा अपराध. म्हणून झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर, खेळ झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी त्याला अंगणातील एका ठरावीक कोपऱ्यात नेण्याचे ठरले. तेथे त्याने काम उरकले, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचे आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा पनीरचा तुकडा द्यायचा. खाऊ तेथेच द्यायचा. घरात आल्यावर दिला तर तो घरात येण्याचे बक्षीस होतो. घरात चूक झालीच, आणि ती घडताना दिसली, तर त्याला न रागावता उचलून बाहेर न्यायचे. मागाहून दिसली तर काहीही न बोलता पुसून घ्यायचे, आणि वास राहणार नाही असे पुसायचे. कारण वास उरला, की पिल्लाच्या लेखी तीच त्याची जागा. मागाहून दिलेली शिक्षा पिल्लाला आपल्या कृतीशी जोडता येत नाही. त्या क्षणी ते जे करीत असेल, किंवा जो माणूस समोर असेल, त्याच्याशी ते तिला जोडते. म्हणून पहिल्या दुपारचे ते दोन रट्टे सतरंजीबद्दल नव्हतेच. मोत्याच्या दृष्टीने ते उन्हाशी खेळल्याबद्दल होते. महाभारतातील पिल्लाप्रमाणे तोही आपल्या मते निरपराधीच होता.

दुसरी तक्रार चावण्याची. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, आणि ते सुईसारखे तीक्ष्ण असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचे होईतो पिल्लाला ४२ कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या सळसळतात आणि समोर येईल ती वस्तू, मग ती चप्पल असो, साडीचा काठ असो वा मुलीची बोटे असोत, पिल्लाच्या तोंडात जाते. येथे ओरडणे किंवा हात झटकणे हा पिल्लाला खेळच वाटतो. दात लागला, की खेळ तत्काळ थांबवावा, हात स्थिर ठेवावा, पाठ फिरवावी आणि क्षणभराने चघळण्याजोगे खेळणे पुढे करावे. खेळणे तोंडात धरले, की पुन्हा खेळ सुरू. प्रबलनाच्या पद्धतीत ‘नाही’ म्हणण्याला जागा नाही, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. जागा आहे, परंतु तो नकार मारून नव्हे, तर पिल्लाला हवी असलेली गोष्ट काढून घेऊन सांगायचा असतो. शिवाय चपला उंचावर ठेवणे, जिन्याला लाकडी फळी लावणे हेही शिक्षणच आहे. चूक घडण्याची संधीच कमी ठेवणे, ही शहाण्या गृहस्थाची पहिली युक्ती.

तिसरी गोष्ट हाकेची. बोलावल्यावर येणे हा कुत्र्याच्या साऱ्या शिक्षणाचा कळस होय, कारण वाहत्या रस्त्यावर तेवढ्यानेच त्याचा जीव वाचतो. त्यासाठी एकच नियम आहे: रागावण्यासाठी कधीही हाक मारू नये. मोत्याला ‘ये’ म्हटले, की काही तरी चांगले घडते, हा अनुभव त्याला दिवसातून दहा वेळा यावा. हाकेला ओ देऊन तो आला आणि त्याला रट्टा बसला, तर पुढच्या खेपेस न येण्याइतका तो शहाणा असतोच.

हे सारे चालू असता घरात एक भाषिक घोटाळा झाला. मुलीने मोत्याच्या नाकासमोर खाऊ धरून हात हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे नेला, की त्याचे नाक वर जाई आणि बूड आपोआप जमिनीला टेके. त्याच क्षणी ती ‘शाब्बास’ म्हणे. काही दिवसांनी त्या हालचालीला तिने ‘बस’ हा शब्द जोडला. आता चाची हिंदी बोलणाऱ्या. वाढताना त्या आजींना विचारीत आणि आजी हात आडवा करून म्हणत, “बस, बस.” पलीकडच्या खोलीतून मोत्या धावत येई, ऐटीत खाली बसे आणि खाऊची वाट पाही. सर्वांना हसू आले. पण त्यातला धडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मराठीत ‘बस’, हिंदीत ‘बैठ’ आणि वडिलांच्या तोंडी इंग्रजी ‘सिट’ अशा तीन आज्ञा एकाच कृतीला मिळाल्या तर दोष पिल्लाच्या बुद्धीचा नसतो. घराने एकच शब्द ठरवावा आणि तो दुसऱ्या कशासाठी वापरू नये. त्या घराने अखेर ‘बैठ’ हा शब्द पत्करला, कारण चाचींनाही तो सोयीचा होता.

खरी अडचण याहून सूक्ष्म असते. माणसे न कळत पुष्कळ काही शिकवीत असतात. आजी मोठ्या प्रेमळ. जेवताना मोत्या ताटाशी येऊन कुंई कुंई करी. चार दिवस त्या लक्ष देत नसत, आणि पाचव्या दिवशी कोणाचे लक्ष नाही असे पाहून पोळीचा तुकडा खाली टाकीत. “एवढ्याशानं काय होतंय?” असे त्या म्हणत. परंतु रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा केव्हा तरी अवचित मिळणारे बक्षीस सवय अधिक घट्ट करते, हे स्किनर व फर्स्टर यांच्या १९५७ सालच्या ग्रंथात तपशिलाने दाखविले आहे. जुगाऱ्याला डावावर बसवून ठेवणारी शक्ती हीच. म्हणून नवा धडा शिकविताना दर वेळी खाऊ द्यावा, तो पक्का झाला, की मधूनमधून द्यावा. आणि जी सवय नको असेल तिला चुकूनसुद्धा एकदाही देऊ नये. खाऊ दिवसाच्या आहाराच्या एक दशांशाहून अधिक होऊ नये आणि तेवढे जेवण कमी करावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी ठरतात, हेही घरातील प्रत्येकाला, विशेषतः प्रसादातला शिरा प्रेमाने भरविणाऱ्यांना, माहीत असावे.

पिल्लाच्या आयुष्यात एक काळ असा असतो, की जो हातचा गेला तर परत मिळत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी अमेरिकेत अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्याचे मन जगाशी ओळख करून घेण्यास विशेष अनुकूल असते, असे त्यांना आढळले. या काळात जे सुखाने भेटले ते आपले. जे भेटलेच नाही ते पुढे भयाचे कारण होऊ शकते. अलीगंजात या ओळखीला सामग्री भरपूर आहे. सायकलरिक्षा, भोंगे, गच्चीवरील माकडे, गल्लीतील कुत्री. आणि उत्तरेकडच्या पंचांगातील ज्येष्ठ महिन्यात दर मंगळवारी येणारा ‘बडा मंगल’. त्या दिवशी हनुमान मंदिरांना लोटणारी गर्दी, ध्वनिक्षेपक, रस्तोरस्ती वाटली जाणारी पुरीभाजी आणि सरबत, हे सारे पिल्लाला एकदम भेटले तर ते भेदरून जाते. म्हणून मोत्याला प्रथम दूरच्या कोपऱ्यावरून, मुलीच्या कडेवर बसवून, पाच मिनिटेच तो गलबला दाखविला गेला, आणि प्रत्येक ढोलाच्या आवाजाबरोबर त्याला एक तुकडा मिळाला. कडेवर, कारण लसी पुऱ्या झाल्यावाचून पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पहिल्या लसी सुरू होतात, आणि तिसऱ्या महिन्यात पिसाळरोगाची लस देतात. ती टोचल्याचा दाखला आणि नगर निगमाचा परवाना या दोन गोष्टी लखनौत प्रत्येक पाळीव कुत्र्याला आवश्यक आहेत.

या पद्धतीवर आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की ही लाच झाली. लाच आणि वेतन यांत भेद आहे. काम होण्यापूर्वी दाखविली जाते ती लाच; काम झाल्यावर मिळते ते वेतन. आरंभी खाऊ दाखवून पिल्लाला बसते केले तरी तो हात लवकरात लवकर रिकामा व्हावा आणि खाऊ मागाहून यावा, हे पथ्य पाळले, की लाचेचा प्रश्न उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कुत्रा हा लांडग्याचा वंशज. त्याला कळपाचा दांडगा नायक लागतो आणि घरधन्याने तो झाले पाहिजे. या समजुतीचे मूळ रूडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आहे. परंतु ती निरीक्षणे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. डेव्हिड मेक यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात तीच कल्पना उचलून धरली आणि ती सर्वत्र पसरली. पुढे त्याच मेक यांनी रानातील लांडग्यांच्या सहवासात अनेक उन्हाळे काढले, आणि १९९९ साली स्पष्ट लिहिले, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची मुले असे एक कुटुंबच असते. तेथे गादीसाठी झुंजणारे नायक नसतात. तेव्हा लांडग्याचाच दाखला घ्यायचा, तर घरधन्याने दांडगा नव्हे, बाप व्हावे.

तिसरा आक्षेप असा, की लाडाने वाढलेले कुत्रे कामाचे होत नाही. त्याला मुंबईच्या ‘झंजीर’चे उत्तर पुरेसे आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या लॅब्रडॉर कुत्र्याने वास घेऊन तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. शोधून काढण्यास मदत केली. २००० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. वास शोधणाऱ्या कुत्र्याला छडीने काम शिकविता येत नाही. नेमका वास ओळखला, की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो, या ओढीनेच तो ढिगाऱ्यातून आणि गर्दीतून शोध घेत राहतो. शेकडो माणसांचे प्राण ज्या नाकावर अवलंबून, ते नाक शाबासकीवर चालते.

उलट, छडीची किंमत मोजूनही पाहण्यात आली आहे. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली वेगवेगळ्या शिक्षणशाळांतील ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे ओरडणे आणि गळपट्ट्याला हिसडे देणे चाले, तेथील कुत्र्यांच्या वागण्यात तणावाची चिन्हे अधिक दिसली, आणि त्यांच्या लाळेतील तणावदर्शक द्रव्यही धड्यानंतर अधिक वाढलेले आढळले. शाळेबाहेर, अनोळखी जागी, खाऊची वाटी दुरून दिसली असताही यांतील सर्वाधिक शासन सोसलेले कुत्रे अधिक साशंक होते. तिच्यात काही असेल, अशी आशाच त्यांची उणावली होती.

हा प्रश्न केवळ सतरंजीचा असता तर त्यावर इतके बोलण्याचे कारण नव्हते. जुलै २०२२ मध्ये लखनौच्याच कैसरबाग भागात एका घरातील पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात घरातल्याच एका वृद्ध बाईंचा मृत्यू झाला, आणि सारे शहर हादरले. अशा दुर्घटनेला एकच कारण नसते, आणि कुत्रे आक्रमक होऊ लागले तर खाऊच्या पुडीवर न विसंबता पशुवैद्याकडे गेले पाहिजे. तरीही एवढे निश्चित, की पुष्कळशी कुत्री रागाने नव्हे, भीतीने चावतात. गुरगुरणे ही त्यांची पहिली सूचना असते. गुरगुरल्याबद्दल मार बसत गेला, तर कुत्रे गुरगुरणे सोडते. भीती मात्र सोडत नाही, आणि मग ते सूचना न देता चावते. चावणारे कुत्रे पुढे एखाद्या रात्री वस्तीबाहेर सोडून दिले जाते, आणि एका घराचे भय गल्लीचे होते. आपल्या देशात राज्यसभेतील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांनी १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावराला अकारण वेदना होतील असे मारणे आणि पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडणे, हे दोन्ही त्या कायद्याने गुन्हे आहेत. परंतु घराच्या चार भिंतींत कायदा क्वचितच डोकावतो. तेथे घरातल्यांचा विवेकच राखण करतो.

मोत्या सहा महिन्यांचा होईतो घर कोरडे राहू लागले. आजोबांना कोणी उपदेश केला नाही. नातीचे पाहून पाहून त्यांची रीत आपोआप पालटली. मात्र एक गोष्ट राहून गेली. सकाळी चहाबरोबर आजोबा वर्तमानपत्र उघडीत आणि वाचून झाले, की सवयीने त्याची सुरळी करीत. ती सुरळी होताना कागदाचा आवाज आला, की अंगणात खेळणारा मोत्या शेपूट पायांत घालून पलंगाखाली जाई. त्या सुरळीने त्याला मारल्याला चार महिने होऊन गेले होते. आजोबांच्या ते ध्यानात आले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. सरमेने म्हटलेले न दिसणारे भय ते हेच. मारणारा विसरतो आणि ते घरात राहते.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी एक नेम धरला. वर्तमानपत्र वाचून झाले, की ते त्याची घडी अगदी सावकाश, आवाज न करता घालीत, आणि पनीरचा एक तुकडा पलंगापासून चार हातांवर ठेवीत. पुढे घडीचा आवाज किंचित वाढला आणि तुकडा थोडा जवळ आला. दोन रट्ट्यांनी जे क्षणात केले होते ते पुसण्याला कित्येक आठवडे लागले. मग एका सकाळी त्यांनी पूर्वीसारखीच सुरळी केली. मोत्याने अंगणातून मान वर करून पाहिले, आणि तो पलंगाकडे न जाता आजोबांकडे आला.

“शाब्बास,” आजोबा म्हणाले, आणि सुरळी खाली ठेवून त्यांनी हात पुढे केला.